छान वाचलं, येते

मी तोंडाने फटकळ आहे, हे गुनसानच्या बाजारात कुणालाही विचारा. तोंडीलावण्यांचं दुकान आहे माझं, तीस वर्षं झाली. किमची, सुके मासे, मुरवलेली तिळाची पानं, सोया सॉसमधले खेकडे. गिऱ्हाईक जरा जास्त चिवडाचिवड करायला लागलं की मी त्याच्या हातातला चिमटा काढून घेते. लोक हसतात, "मी-रानबाईंचं तोंड तिखट, पण खेकडे गोड," म्हणतात आणि परत येतात. त्यामुळे आपलं बोलणं कुणाला लागत असेल, असं कधी मनातच आलं नाही. हे लिहितेय ते मा जम-बुन आजींबद्दल. पण सुरुवात माझ्यापासून करावी लागते, कारण घाण मी केली.

मुलगी नोकरीसाठी सोलला गेली, तेव्हा जाताना तिने मला ब्लॉग काढून दिला. "आई, दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडतेस, त्यापेक्षा इथे पाककृती लिही," म्हणाली. मी लिहायला लागले. रोज एक पदार्थ आणि चार फोटो. बघता बघता दिवसाला तीनशे माणसं यायला लागली, मला हुरूप आला.

आमच्याकडे ब्लॉगवाल्यांचा शेजारधर्म असतो. रोज येणाऱ्याला शेजारीच म्हणतात. कुणी तुमच्या पानावर येऊन दोन शब्द लिहिले की तुम्ही त्याच्या पानावर जाऊन दोन शब्द लिहायचे. नाही गेलात तर घमेंडखोर ठरता. आता जिथे असा रिवाज आहे तिथे त्याचा फायदा उठवणारेही आलेच. कर्ज हवंय का, पोट आत घ्या, घरबसल्या पत्ते खेळा, अशा जाहिराती माझ्या किमचीखाली येऊन पडायच्या. दुकानासमोरचा रस्ता झाडते तसा मी रोज सकाळी ब्लॉगही झाडायचे. त्यांचं एक वेळ ठीक, ते निदान उघड उघड चोर. माझं डोकं फिरायचं ते गोड बोलणाऱ्यांवर. काही न वाचता शंभर ठिकाणी एकच ओळ चिकटवत सुटायचं, "छान वाचलं, येतो," म्हणजे शंभर जण परतभेटीला येतील. माझी आई गेली तेव्हा दुकान तीन दिवस बंद असल्याचं मी ब्लॉगवर लिहिलं होतं. त्याच्याखाली एक मेला लिहून गेला, "वा, तोंडाला पाणी सुटलं! छान वाचलं, येतो." त्या दिवसापासून ही ओळ दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि त्याच सुमारास 'शिकाऊ ७' उगवला. नाव हे असलं. फोटो नाही, स्वतःच्या पानावर एक ओळ नाही. रोज सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पाककृतीखाली येणार: "छान वाचलं, येते." ना एक शब्द कमी, ना एक जास्त. यंत्रच ते, दुसरं काय! मी पुसायचे, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुढे मी पुसणंही सोडलं.

फक्त एकदा वेगळं झालं, आणि ते मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे सांगायचा धीर होणार नाही. सोया सॉसमधल्या खेकड्यांची पाककृती टाकली होती. त्याच्याखाली सहा दहाला आलं, "खेकडापोटवरठेव. पोटखालीरसजातो. छान वाचलं, येते." पहिले शब्द एकाला एक चिकटलेले. मी वाचलं, नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी बरणी भरताना हात थबकला आणि मी खेकडे उताणे ठेवले. चार दिवसांनी गिऱ्हाइकं बोटं चाटत परत आली. मग मी ब्लॉगवर लिहिलं, 'माझी एक खास युक्ती.' शिकाऊ ७ चं नाव घेतलं नाही. यंत्राचं कसलं नाव घ्यायचं? आता मला सांगा, यंत्राला खेकड्याचं पोट कुठून कळणार? मला तेव्हाच कळलं होतं. कळलं, आणि मी ते दाबून ठेवलं.

पुढच्या महिन्यात माझ्याकडची माणसं घटली. तीनशेची दोनशे झाली, मग दीडशे. त्यात एका सकाळी पत्त्यांच्या जुगाराच्या चाळीस जाहिराती एकदम येऊन पडल्या. झाडता झाडता हात दुखले, आणि खाली बघते तर तेच, "छान वाचलं, येते." माझं टाळकं सटकलं. शिकाऊ ७ च्या ओळींचे मी एकाखाली एक फोटो लावले, एकेचाळीस सकाळींच्या एकेचाळीस ओळी. बेचाळिसावी खेकड्यांची होती. ती कापून टाकली, कारण ती असती तर गंमत गेली असती. वर मथळा दिला, 'माझ्या दारातला निर्लज्ज'. काय काय लिहिलं मी! म्हटलं, हे यंत्र कोंबड्याच्या आधी आरवतं. म्हटलं, याला डोळे नाहीत, वाचणार कशाने? म्हटलं, असल्या फुकट्या भिकाऱ्याला चपलेने हाकललं पाहिजे, तेव्हा शेजाऱ्यांनो, तक्रारीचं बटण दाबा.

शेजाऱ्यांनी दाबलं. त्या दिवशी अकराशे माणसं आली माझ्या पानावर. लोक हसून हसून लोळले, मीही त्यांच्यात. तिसऱ्या दिवशी शिकाऊ ७ चं खातं बंद झालं. मी दुकानात पोळलेल्या बोटांनी मुलीला फोन लावून सांगितलं, "बघ, तुझी आई काय चीज आहे ते!"

साधारण दहा दिवस गेले. प्यो बाई दुकानात आल्या. या पालिकेच्या अक्षरवर्गात शिकवतात. लहानपणी शाळेत न गेलेल्या आज्यांचा वर्ग आहे तो, तीन वर्षं नीट हजेरी लावली की प्राथमिक शाळेचा दाखला मिळतो. प्यो बाई पस्तिशीच्या, चटपटीत. दर मंगळवारी मुळ्याची किमची नेतात आणि मला मावशी म्हणतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं? नवऱ्याशी वाजलं?" मी विचारलं.

"नवरा कुठला मावशी, एक आजी वर्गात यायची बंद झाली. तिसरं वर्ष आहे तिचं. शुक्रवारपर्यंत आली नाही तर हजेरी कमी पडते, दाखला जातो. परत पहिल्यापासून वर्ष. शहात्तर वर्षांची आहे ती."

"आजारी असेल."

"आजारी नाही. वर्गातून सगळ्यांना टॅब दिले होते घरी, वाचनाचा सराव करायला. मी सगळ्यांची खाती काढून दिली, शिकाऊ एक, शिकाऊ दोन अशी. हिचं खातं कुणीतरी तक्रारी करून बंद पाडलं. आता तिने टॅब तांदळाच्या पिंपात लपवून ठेवलाय. म्हणते, माझ्या हातून गुन्हा झाला, पोलीस आले तर वर्गाचं नाव नको यायला."

माझ्या हातात मुळ्याचा डबा होता, तो मी उगीचच पुसत राहिले. "ती काय लिहायची?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"काही नाही हो! मीच शिकवलं होतं फळ्यावर. म्हटलं, आपण कुणाकडे जेवलो की उठताना म्हणतो ना, छान जेवलो, येतो? तसंच कुणाचं लिहिलेलं वाचलं की न सांगता उठून जायचं नाही. लिहायचं, छान वाचलं, येते. ती बिचारी रोज पहाटे उठून एका बोटाने तेवढं लिहायची. वीस मिनिटं लागायची तिला." प्यो बाईंनी पिशवी उचलली. "म्हाताऱ्या बाईशी असं वागणारं माणूस दिसतं तरी कसं, एकदा तोंड बघायचंय मला त्याचं."

आणि ते तोंड त्यांच्यासमोरच होतं, वर तिखटाचा डाग लागलेलं. मी बोलले फक्त एवढंच, "ही पानं न्या थोडी, आजच मुरली आहेत." वर चार पानं जास्त घातली. माझी मलाच शिसारी आली.

घरी येऊन मी तो मथळा, ते फोटो, सगळं पुसून टाकलं. ब्लॉगच्या कंपनीला पत्र लिहिलं की त्या तक्रारी चुकीच्या होत्या, खातं उघडा. उत्तर आलं, सात कामाच्या दिवसांत विचार करू. मंगळवार गेला, बुधवार गेला. दोन्ही दिवस मी स्वतःला सांगत राहिले की खातं उघडलं की आजी आपोआप परत येईल, मध्ये मी पडायची काय गरज? गिऱ्हाइकांवर खेकसले, सुके मासे करपवले. गुरुवारी सकाळी मात्र राहवेना. शटर अर्ध्यावर ओढलं आणि प्यो बाईंना फोन केला, "तुमच्या त्या आजींकडे मला नेता का?"

"तुम्ही कशाला, मावशी?"

"नेता का ते सांगा."

आजी टेकडीवरच्या वस्तीत राहतात. पायऱ्या चढता चढता प्यो बाई सांगत होत्या, आणि एकेक पायरी मला जड होत होती. जम-बुन सन्यू बेटावरची. पाच भावंडांत थोरली. भाऊ शाळेत जायचे तेव्हा ही धाकट्याला पाठीशी बांधून शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहायची. एकदा आतून मुलांनी पाढे म्हटलेले हिने बाहेर म्हटले, तर मास्तरांनी खिडकी लावून घेतली. अठराव्या वर्षी लग्न, मग बंदरावर मासे सोलायची चाळीस वर्षं. नवऱ्याला जाऊन वीस झाली, पण बायको निरक्षर आहे हे त्याला शेवटपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. बँकेत किंवा पालिकेत जायचं असलं की ही उजव्या हाताला पट्टी गुंडाळून जायची. हात दुखावलाय, जरा एवढं लिहून देता का, म्हणायची. घरात पट्टीची गुंडाळी कायम असे. वर्गात पहिल्या दिवशीसुद्धा पट्टी बांधूनच आली होती.

"आणि वाचायला तुमचाच ब्लॉग घ्यायची बरं का," प्यो बाई म्हणाल्या.

"माझाच का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मी विचारलं होतं. म्हणाली, जेवण मला येतं, त्यामुळे पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असतं. लसणानंतर तीळ येणार, मग त्या जागी जे अक्षर दिसतं ते तिळाचं. असं करत करत वाचायला शिकली ती. माझ्याकडून कमी, तुमच्याकडून जास्त."

मला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं. परत फिरावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

आजी लहानखुऱ्या, कुरळे केस, हातांची बोटं माशांच्या काट्यांनी चरे पडलेली. प्यो बाईंनी सांगितलं, "आजी, ही बाजारातली खेकडेवाली मावशी," तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. लगबगीने त्यांनी उकडलेली रताळी आणली, सातूचा चहा ओतला, बसायला स्वतःची गादी सरकवली. आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "पोरी, माफ कर गं मला. रोज उठून तुझ्या दारात येत होते. तुला एवढा त्रास होत असेल हे या अडाणी डोक्यात आलं नाही."

"आजी, ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "ते चपलेचं, भिकाऱ्याचं. लोकांना तक्रार करा म्हणून मीच सांगितलं."

प्यो बाईंच्या हातातला कप खाली आला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, आजतागायत नीट बघितलेलं नाही.

"ते ठाऊक आहे की," आजी म्हणाल्या. "वर नाव आहे ना तुझं. वाचलं मी." त्यांनी उशीखालून वही काढली. "टॅबवर डोळे दुखतात, म्हणून उतरवून घेतलं. दोन दिवस लागले. पहिल्यांदा माझं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, आपलं नाव छापून आलं. लई आनंद झाला गं. बाईंना दाखवावं म्हटलं. मग पुढचं वाचत गेले." त्यांनी पान उलटलं. माझा एकेक शब्द त्यांच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरात. न कळलेल्या शब्दांखाली लाल रेघा. 'निर्लज्ज'खाली रेघ होती आणि शेजारी अर्थ लिहिला होता. "पूर्ण वाचून झालं, तर छान वाचलं लिहायला गेले. रीत आहे ना. तर खातंच बंद."

"आजी, तुमची काहीही चूक नव्हती."

"असं कसं? तू एवढी शिकलेली. काहीतरी चुकल्याशिवाय का तू लिहिशील? खेकड्याचं मी लिहिलं होतं, ते चित्रात नव्हतं. मला वाटलं, तिथलं लिहिणं अगदीच चुकलं, म्हणून तू गाळलंस."

"मुद्दाम गाळलं," मी म्हटलं. "ते बरोबर होतं म्हणून गाळलं. खेकडे उताणे ठेवून मी विकलेसुद्धा. ते दाखवलं असतं तर तुम्ही माणूस आहात हे सगळ्यांना कळलं असतं, आणि मला कुणी हसून दाद दिली नसती. मला कळलं होतं, आजी. कळून केलं मी."

आजींनी वही मांडीवर ठेवली. मग प्यो बाईंना म्हणाल्या, "म्हणजे अक्षर चुकलं नव्हतं, बाई?"

"एकही नाही, आजी," प्यो बाई म्हणाल्या. "फक्त खेकड्याच्या वेळी मध्ये जागा सोडायला विसरलात."

"ती मी नेहमीच विसरते." आजींनी उठून तांदळाचं पिंप उघडलं, टॅब काढला, शर्टाच्या बाहीने पुसला. "आणि पोलीस?"

"कसले पोलीस! उद्या दहाला वर्ग आहे."

"येते मग उद्या."

माझ्या छातीवरचा दगड उतरला असं म्हणावं, तर तेही खरं नाही. थोडा सरकला एवढंच. प्यो बाई अंगणात बूट घालायला गेल्या. मी उठायला लागले तर आजींनी माझी बाही धरली.

"थांब पोरी. एक अडलंय. बाईंना विचारायला लाज वाटते, तुझंच आहे तर तूच सांग." त्यांनी वहीची शेवटची पानं काढली. माझ्या लेखाखाली शेजाऱ्यांनी जे जे लिहिलं होतं, तेही सगळं त्यांनी उतरवलं होतं. "हे बघ. प्रत्येकाने शेवटी हेच लिहिलंय. नुसतं ख. ख ख ख ख. कुणी पाच वेळा, कुणी दहा वेळा. शब्दकोशात शोधलं, तर नाही. कुठला शब्द आहे हा?"

आमच्याकडची शाळेतली पोरंही सांगतील ते. मला सांगायला किती वेळ लागला!

"हसणं आहे ते, आजी. लोक हसले की तसं लिहितात."

त्यांनी एक पान उलटलं. मग दुसरं, तिसरं. प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे त्या बघत होत्या.

"एवढी सगळी माणसं?"

"हो."

"आणि तू?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. वहीतलं बोट कुठेही ठेवता आलं असतं. मी सगळ्यात खालची ओळ दाखवली, ती सगळ्यात लांब होती. "ही माझी," मी म्हटलं.

आजींनी चष्मा नीट केला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गात शिकवतात तसं, एकही अक्षर न गाळता, सावकाश वाचायला लागल्या. "ख. ख. ख. ख. ख..."

ओळ संपेपर्यंत मी तिथेच बसून होते.